तळातली चिठ्ठी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतात त्या आठवड्यात मला पहाटेच जाग येते आणि मी नाकाने काहीतरी शोधत पडून राहते. वर्तकनगरमध्ये त्या वासाचं खरं तर काही काम नाही. इथे समोरच्यांच्या उदबत्तीचा वास येतो, खाली गाडी लावणाऱ्या इडलीवाल्याच्या सांबाराचा येतो, फार तर कुणी पालापाचोळा पेटवला तर धुराचा. पण माझं नाक डोंबिवलीत वाढलं आहे. थंडी पडायला लागली की मानपाड्याच्या बाजूच्या कारखान्यांतून निघालेला एक गोडसर, घशात बसणारा वास सकाळी जमिनीलगत उतरायचा आणि आई खिडक्या लावत म्हणायची, "आज पुन्हा सोडलाय मेल्यांनी." कोणी सोडला, कुठून सोडला, हे आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. पण मुद्दाम सोडतात, आणि आपल्याच दिशेने सोडतात, याबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये एकमत होतं.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तो गुण माझ्याकडे बाबांकडून आला. बाबा मुंबईत एका सरकारी कचेरीत होते आणि कारभार कसा चालतो ते रोज आतून बघत असल्यामुळे त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. दूधवाला हसून बोलला की आज दुधात पाणी जास्त आहे, असं ते म्हणत. तो गप्प राहिला तर म्हणत, बघ, बोलायला तोंड नाही त्याला. नळाला वेळेवर पाणी आलं की ते आईला सगळी भांडी भरून ठेवायला लावायचे, कारण वेळेवर आलंय म्हणजे उद्या येणार नाही. गंमत अशी की पुष्कळदा उद्या यायचं नाहीच. त्यामुळे त्यांचा संशय कधी उतरला नाही, आणि आम्ही दोघं भावंडं तो खातपीतच मोठी झालो.

परवा नितीनचा फोन आला. नितीन माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चांगला आठ वर्षांनी लहान. त्याची मुलगी अन्वी इथेच ठाण्यात एका मोठ्या शाळेत आठवीला आहे. त्या शाळेने दिवाळीनंतर वरचे सगळे वर्ग मोडून मुलांचे लहान लहान गट केले आहेत. प्रत्येक गटाचे शिक्षक वेगळे, मजल्याचा कोपरा वेगळा, टी-शर्टचा रंगही वेगळा. शाळेने त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलंय, ते नितीनने दोन दमांत म्हणून दाखवलं. "ताई, हे काहीतरी वेगळंच चाललंय," तो म्हणाला. "अन्वीला हिरव्यात टाकलंय. सगळी हुशार पोरं निळ्यात गेलीयत असं ऐकतोय. तुझी ती मैत्रीण तिथे सुपरवायझर आहे ना? जरा विचार ना तिला."

आवाज नितीनचा होता, पण बोलत होते बाबाच. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. वास नव्हता. तरी घसा खवखवला.

आमची शाळा डोंबिवली पूर्वेला, बालवाडीपासून दहावीपर्यंत एकाच आवारात. अवाढव्य. मधली सुट्टी झाली की जिन्यावरून मुलं खाली यायची तो आवाज पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा. पाण्याच्या टाकीला नळ होते, पण त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत घंटा व्हायची, म्हणून आम्ही बहुतेक मुली तहानलेल्याच घरी यायचो. वर्ग मार्कांवरून पाडलेले. 'अ'मध्ये पहिले येणारे, त्याखालचे 'ब'मध्ये, असं करत करत 'फ'पर्यंत. 'अ'मधल्या मुलांना शिक्षक नावाने ओळखत, 'फ'मधल्या मुलांना छडीमुळे ओळखत. मी 'क'मध्ये होते. 'क'मध्ये कौतुकही नव्हतं आणि मारही नव्हता. सत्तर मुलांत बाई हजेरीचा आकडा पुकारायच्या, मी "हजर" म्हणायचे, आणि माझा दिवसभराचा शाळेशी संबंध तिथे संपायचा. त्याचं मला वाईट वाटत होतं असंही नाही. शाळा म्हणजे असंच असतं, असं मी धरून चालले होते.

मी आठवीत गेले त्या वर्षी जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. नेनेसर. उंच, किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट. सहामाहीपर्यंत ते काहीच बोलले नाहीत, नुसते व्हरांड्यातून हात मागे बांधून फिरत राहिले. स्टाफरूमला तेवढंही पुरलं. हा माणूस काहीतरी शोधतोय, अशी कुजबुज सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या प्रार्थनेला ते माइकसमोर आले आणि म्हणाले, "या शाळेत मूल हरवतं. आणि हरवलंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही." मग त्यांनी सांगितलं की सुट्टीनंतर अ, ब, क, ड काही राहणार नाही. आठवी ते दहावीची चार कुलं होतील. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार झाडं आहेत, पिंपळ, कडुनिंब, बदाम आणि उंबर. एकेक कूल एकेका झाडाखाली जमेल, तिथेच प्रार्थना म्हणेल आणि आपल्या आपल्या वर्गांत जाईल. प्रत्येक कुलाचे शिक्षक ठरलेले असतील. आणि महिन्याभरात प्रत्येक शिक्षकाला आपल्या कुलातल्या प्रत्येक मुलाचं नाव पाठ असायला हवं. मागे उभे असलेले एक सर यावर हसले. ते मी ऐकलं.

त्या दिवाळीत आमच्या बिल्डिंगमध्ये फराळाच्या ताटांबरोबर कुलंही घरोघर फिरली. जोशीकाका म्हणाले, ग्रँट वाढवून घ्यायची असणार. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, अ तुकडी मोडली म्हणता म्हणता गुपचूप नवी अ तुकडी करणार, आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही. हे सगळ्यांना पटलं. मग ती कुठली असेल याचा शोध सुरू झाला. पिंपळ देवाचा म्हणून तो पहिला असणार. छे, बदाम. बुद्धीसाठी मुलांना बदाम देतात, सरांनी सूचक नाव ठेवलंय. कडुनिंबाला निदान औषधी म्हणून मान होता. उंबराबद्दल मात्र त्याच्या फळात किडे असतात यापलीकडे कोणाला काही सुचलं नाही. बाबा चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "झाडांकडे काय बघताय? गणिताचे आपटेसर कुठे जातात ते बघा." सरकारी माणसाची नजरच वेगळी असते, असं काका म्हणाले, आणि बाबांनी ती चकली मोठ्या समाधानाने खाल्ली.

कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं, सगळ्यांच्या देखत. शाळा उघडली त्या सकाळी आम्ही मैदानावर उभे होतो. गॅलऱ्यांमधले आकाशकंदील अजून उतरवलेले नव्हते, उन्हाने त्यांचा कागद विटला होता. हवेत तो वास होता, मुली नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. मधोमध टेबलावर तांब्याचं मोठं घंगाळ होतं, आणि ते नेनेसरांनी स्वतःच्या घरून आणलं होतं. त्यात आमच्या नावांच्या घड्या. चिठ्ठ्या काढायला बालवाडीतली चार मुलं आणली होती, ज्यांना अजून अक्षरओळख नव्हती. त्यांतला एक नितीन.

तो माझा भाऊ आहे हे नेनेसरांना माहीतही नसावं. बालवाडीच्या बाईंनी जी रडणार नाहीत अशी चार मुलं पाठवली, त्यांत तो आला होता. उंबराच्या वतीने चिठ्ठ्या काढायचं काम त्याच्याकडे. त्याला स्टुलावर उभं केलं होतं, तरी घंगाळाच्या काठावरून त्याचं डोकं जेमतेम दिसत होतं. पहिल्यांदा त्याने भीत भीत अगदी वरची चिठ्ठी उचलली. नेनेसर वाकले, त्याच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि मग त्याने बाही वर करून हात पार खांद्यापर्यंत आत घातला. पुढे प्रत्येक वेळी तो तसाच हात घालायचा, चेहरा गंभीर करून, डबक्यात मासा शोधत असल्यासारखा. मुलं हसत होती. बऱ्याच वेळाने त्याने काढलेली एक घडी उघडून बाईंनी नाव वाचलं, ते माझं होतं. मी उंबराखाली जाऊन उभी राहिले.

तिथे आधीपासून एक मुलगी मुळांवर बसली होती. ही कुंदा. खाडीच्या काठी, पश्चिमेला, जे कोळ्यांचं जुनं गाव आहे तिथून ती रेल्वेच्या पुलावरून चालत यायची. आतापर्यंत 'फ'मध्ये. एकाच शाळेत आम्ही तीन वर्षं काढली होती आणि एकमेकींना पाहिलंही नव्हतं. मला वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली, "तू काय रानार नाय गो इकरं."

"का? माझी चिठ्ठी आलीय," मी म्हणाले.

"चिट्टीला कोन इचारतंय? तुझे बाबा येतील नि नेतील तुला. आमचे बाबा नाय येनार, ते बोटीवर असतात." तिने हे रागाने म्हटलं नाही. पाऊस येईल म्हणावं तितक्या सहज म्हटलं.

आपटेसर बदामाला गेले. उंबराच्या वाट्याला आल्या पेडणेकरबाई, नोकरीत नव्याच, आंबिवलीहून येणाऱ्या, आवाज बसलेल्या. आणि वर्ग मिळाला नाल्याच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्याच शेडमध्ये मीनलही आली. मीनल नेनेसरांची मुलगी, आमच्याच आठवीत. तीही चिठ्ठीनेच उंबरात आली होती. त्या दिवशी ती शेडमध्ये शिरली तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि ती मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसली.

संध्याकाळी बाबा घरी आले. चहा घेतला आणि नितीनला मांडीवर घेतलं. "बाळा, आज तू चिठ्ठ्या काढल्यास म्हणे. शाब्बास. सरांनी तुला काय सांगितलं रे कानात?"

नितीन खूश होता. दिवसभर सगळे त्याचे गाल ओढत होते. तो म्हणाला, "सर म्हणाले, तळातली काढ."

बाबांनी कप खाली ठेवला. "तळातली?"

"हो. वरची नको, तळातली काढ."

"प्रत्येक वेळी?"

"हो," नितीन म्हणाला. खरं तर त्याला कानात एकदाच सांगितलं होतं, मी पाहिलं होतं. मी तसं म्हणालेही. पण बाबा आता माझ्याकडे बघत नव्हते. "म्हणजे तळाला वेगळ्या ठेवल्या होत्या," ते हळूच आईला म्हणाले. "म्हणून तर घंगाळ घरून आणलं. पाच वर्षांच्या पोराला पुढे करायचं, म्हणजे कोणी बोलणार नाही." आईने विचारलं, पण मग त्यांच्या स्वतःच्या मुलीची चिठ्ठी उंबरात कशी गेली? बाबांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लोकांनी हाच प्रश्न विचारावा म्हणून," ते म्हणाले. रात्रीचं जेवण व्हायच्या आत जोशीकाका, वहिनी आणि वरच्या मजल्यावरचे दोघे येऊन नितीनकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा वदवून गेले. प्रत्येक वेळी त्याला एक बेसनाचा लाडू मिळाला.

उंबराखालचे ते दिवस मला कशासारखे वाटले हे सांगायला मला आजही नीट शब्द सापडत नाहीत. शेड दुपारी तापायची, पत्र्यावर कबुतरं नाचायची, नाल्याला रोज निराळा रंग असायचा. पण आम्ही वर्गात तीसच्या आसपास होतो. पेडणेकरबाईंना तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांची नावं पाठ झाली. एकदा त्या फळ्यावर गणित मांडत होत्या, मध्येच थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "वसुधा, तू उत्तर ओठातल्या ओठात म्हणतेस. रोज म्हणतेस. बरोबर असतं का ते?" कोणत्याही शिक्षकाने मला उद्देशून माझ्या नावाने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. सत्तर जणांत माझे ओठ कोणाला दिसणार होते? मलाच ते हलतात हे ठाऊक नव्हतं.

"मोठ्याने म्हण," बाई म्हणाल्या. मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मोठ्याने." तेव्हाही नाही. कुंदाला याची फार मजा वाटायची. मधल्या सुट्टीत ती माझी नक्कल करायची, डोळे मोठे करून, ओठ हलवून, आवाज न काढता. मग स्वतःच हसून माझ्या डब्यातला शिळा झालेला चिवडा खायची आणि मला तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी द्यायची. त्या भाकरीला सुक्या बोंबलाचा वास असायचा. आईला कळलं असतं तर काय झालं असतं हा विचार करत मी ती खायचे, आणि चवीने खायचे. आणि मग एका सकाळी, थंडीने बाक गार पडलेले असताना, मी उत्तर मोठ्याने म्हटलं. बाई नुसतं "बरोबर" म्हणाल्या आणि पुढचं गणित घातलं. कुंदाने बाकाखालून माझा पाय दाबला. मला इतका आनंद झाला होता की पुढचं गणित माझं चुकलं.

तोवर पालकांची ये-जा सुरू झाली होती. पहिले आले ते एका मुलाच्या छातीचं कारण घेऊन. शेडमधल्या धुळीने त्याला धाप लागते. मुलाच्या तब्येतीपुढे नेनेसर काय बोलणार; त्यांनी त्याला बदामात घेतलं. मग धाप लागणाऱ्यांची रीघ लागली. कोणाला नाल्याच्या वासाने उलट्या होत होत्या, कोणाचा मोठा भाऊ पिंपळात होता आणि दोघांना एकच डबा दिला जात होता. प्रत्येकजण सुरुवातीला म्हणायचा, "सर, आमचा चिठ्ठीवर पूर्ण विश्वास आहे, पण." प्रत्येकाचं कारण एकेकटं पाहिलं तर खरं वाटायचं. उंबरातून जितके गेले तितके दुसऱ्या कुलांतून आणावे लागत होते, आणि तिकडून कोण येणार? ज्यांचे पालक भेटायला येत नाहीत ते. कुंदाच्या गावातली आणखी चार मुलं आली, मानपाड्याकडच्या चाळींतली आली. नाताळच्या सुमारास तळमजल्यावरच्या वहिनी आईला म्हणाल्या, "बघितलंत? उंबर म्हणजे फ तुकडीच केली शेवटी. मी म्हणत नव्हते?" त्यांची मुलगी पहिल्याच आठवड्यात बदामात गेली होती.

मीनल हलली नाही. तिला कोणी हलवलं नाही. लोक म्हणायचे, मुद्दाम ठेवलंय, दाखवायला. एकदा नाल्याच्या कठड्याशी उभी असताना मीनल मला म्हणाली, "माझे बाबा मला म्हणाले, तुला काढलं तर मी खोटा ठरेन. आणि ठेवलं तरी खोटाच ठरतोय." मग ती म्हणाली, "तू आहेस ना अजून?" मी हो म्हणाले. मला तेव्हा फक्त एवढंच हवं होतं, तिथे असणं.

मला बराच काळ वाचवलं ते बाबांच्या संशयानेच. सगळे बदामात पळतायत म्हटल्यावर त्यांना बदामाचाही संशय आला. "इतकी गर्दी करतायत म्हणजे तिकडेही काहीतरी पाणी मुरतंय," ते म्हणायचे. "आपण थांबू. बघू." आई कुरकुरायची, सगळ्यांच्या मुली गेल्या. बाबा थांबले. मी रोज देवाला सांगायचे, बाबांचा कशावरही विश्वास बसू देऊ नको.

मग चाचणीचा निकाल आला. गणितात मला आजवर कधी मिळाले नव्हते इतके मार्क मिळाले. पेपर मी दारातूनच उंच धरून आत आणला. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, एकेक गणित बोट लावून तपासलं. चूक सापडली नाही. मी समोर उभी होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"इतके मार्क?" ते म्हणाले. "तुला?"

मग पेपर घडी करून आईच्या हातात देत म्हणाले, "म्हणजे तिथे पेपरच सोपे काढतात. आता कळलं. उद्या रजा टाकतो."

"मला नाही जायचं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं. बाबांनी फार प्रेमाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुला फसवतायत बाळा," ते म्हणाले. "तुला नाही कळायचं ते."

दुसऱ्या दिवशी नेनेसरांच्या केबिनमध्ये बाबांनी धूळ, शेड आणि माझा खोकला याबद्दल सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "वसुधा, तुला त्रास होतो का तिथे?" एवढ्या शाळेत त्यांना माझं नाव माहीत होतं. ते थांबून राहिले, टेबलावर कोपर टेकून, घाई नसल्यासारखे. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "होतो हो सर. बोलत नाही ती फारशी, पहिल्यापासून." सरांनी आणखी क्षणभर वाट पाहिली. मग मान हलवली.

संक्रांतीच्या आधी मी बदामात गेले. कुंदाने मला दप्तर आवरताना पाहिलं. "बोललेली ना मी," ती म्हणाली, आणि मग दप्तराचा पट्टा अडकला होता तो सोडवून दिला. बदामाचे वर्ग नव्या इमारतीत होते, पंखे होते, आणि बाकावर चौघीजणी बसत होतो. लहान गट म्हणून केलेल्या त्या कुलातल्या माझ्या वर्गात 'क'पेक्षा जास्त मुलं झाली होती. आपटेसर उत्तम शिकवायचे असं सगळे म्हणत. मला मागून फळा दिसत नव्हता, पण उत्तरं यायची. ती मी पुन्हा ओठातल्या ओठात म्हणू लागले, आणि हळूहळू तीही म्हणेनाशी झाले.

जूनमध्ये पुन्हा अ, ब, क, ड झालं. नेनेसर त्या शाळेत राहिले नाहीत. त्यांना काढलं की ते गेले, यावर बिल्डिंगमध्ये दोन मतं होती, पण त्यांचा बेत काहीतरी वेगळाच होता यावर एकच. मीनलही त्यांच्याबरोबर गेली. पेडणेकरबाई लग्न होऊन गेल्या. कुंदा नववी 'फ'मध्ये. नळाच्या रांगेत दिसली की लांबूनच ओठ हलवून माझी नक्कल करायची. एके दिवशी तीही दिसेनाशी झाली. मी चौकशी केली तर कोणाला ती कोण तेच आठवेना. या शाळेत मूल हरवतं, असं सर म्हणाले होते.

मी नेनेसरांची भक्त वगैरे नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, चारांतलं एक कूल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून सगळी सारखी आहेत असं म्हणणारा माणूस भाबडा तरी असला पाहिजे किंवा हट्टी. नितीनच्या त्या रंगीत टी-शर्टांच्या शाळेवरही माझा विश्वास नाही. लहान गटांच्या नावाखाली फी वाढवतील, टी-शर्ट त्यांच्याच दुकानातून घ्यायला लावतील, निळ्यात खरोखरच निवडक मुलं भरली असतील. असेलही. फोनवर त्याने सांगितलं तेव्हा माझ्याही ओठांवर पहिला प्रश्न हाच आला होता, गणित कोणत्या गटाचं चांगलं आहे? तो मी गिळला, एवढंच.

काल रात्री त्याचा पुन्हा फोन. "ताई, बोललीस का मैत्रिणीशी? सोमवारी जाऊन निळ्यात करून घेतो म्हणतोय."

"अन्वीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तेरा वर्षांची आहे ती."

"तिला दे फोन," मी म्हणाले.

अन्वी आली. आवाज बारीक, मागे टीव्ही चालू. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, कसा आहे तुझा हिरवा गट? "ठीके गं आत्या," ती म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आमच्या मॅमना ना, माझं नाव येतं. म्हणजे, लिस्टमध्ये न बघता. काल मी खाली बसलेले तर लांबून हाक मारली." ती हसली. "बाबाला वाटतं तिकडे चांगलंय. मला नाही जायचंय, पण त्याला सांगू नकोस हं."

नितीनने फोन परत घेतला तेव्हा मी त्याला विचारलं, "तुला आठवतं का रे, शाळेत तू चिठ्ठ्या काढलेल्यास? घंगाळातून?"

"आठवतं म्हणजे काय," तो म्हणाला. "फिक्स होतं ते सगळं. मला विचार ना ताई, मी स्वतःच्या हाताने काढलीय तुझी चिठ्ठी. सरांनी सांगितलेलं, तळातली काढ."

ज्याचा हात त्या घंगाळात खांद्यापर्यंत गेला होता, तोच हे सांगत होता, आणि त्याच्या आवाजात कसलीच शंका नव्हती.

"मग? बोलतेस ना मैत्रिणीशी?" त्याने विचारलं.

"ती शाळा सोडून गेली रे," मी म्हणाले. "आता तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही."

त्याने मागचा टीव्ही बंद केला. "ताई," तो म्हणाला, "खरं सांगतेयस ना?"

"खरंच सांगतेय," मी म्हणाले, मोठ्याने, आणि फोन ठेवला. नळाच्या पाण्याचा सोडला, तर इतक्या वर्षांत आमच्या घरातल्या कोणाचा तरी संशय पहिल्यांदाच बरोबर होता.